'घर मध्ये', 'घरा मध्ये', 'घरामध्ये': एका विद्यार्थिनीचं मराठी लेखन संगणकाने मोजताना

आलेख दोन होते आणि त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. पहिल्यात शब्दवैविध्याची रेघ पाचव्या परिच्छेदापाशी एकदम वर चढलेली. दुसऱ्यात वाक्याची सरासरी लांबी नेमकी तिथेच घसरलेली. पहिल्यावर विश्वास ठेवला तर विद्यार्थिनीचा शब्दसाठा अचानक वाढला होता. दुसऱ्यावर ठेवला तर ती तोकडी वाक्यं लिहायला लागली होती. बाईंनी तिचे सगळे परिच्छेद स्वतः लाल शाईने तपासले होते, आणि त्यांना यातलं काहीच मान्य नव्हतं. "शब्द तेच आहेत रे. आणि वाक्यं तर आधीपेक्षा नीट झालीत. तुझा संगणक मोजतोय तरी काय?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे सापडलं, ते इथे लिहितो आहे.

विद्यार्थिनी प्रौढ, मातृभाषा हिंदी. मराठी वर्गात दर पंधरवड्याला एक परिच्छेद लिहायचा, असे तिचे आठ परिच्छेद जमले होते. विषय साधे: एखादी जागा, एखादी आठवण, एखादा प्रसंग. वर्ग चालवणाऱ्यांना प्रगती 'आकड्यांत' हवी होती म्हणून बाईंनी मला मध्ये घेतलं. विद्यार्थिनीची परवानगी घेतली होती. तिची मूळ वाक्यं इथे देत नाही, त्याच घडणीची दुसरी वाक्यं देतो.

हिंदी येणाऱ्याला मराठी सोपी जाते असं सगळे म्हणतात. वाचायला जातेच. लिपी तीच, निम्मे शब्द ओळखीचे. लिहिताना मात्र ही ओळखच आडवी येते, आणि या प्रकरणातल्या बहुतेक भानगडी त्या ओळखीतूनच निघाल्या.

दुसरी भाषा शिकणाऱ्यांचं लेखन संगणकाने तपासायची परंपरा इंग्रजीत चांगली रुळलेली आहे. सिल्व्हियान ग्रँजर यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला, निरनिराळ्या मातृभाषांच्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी निबंधांचा संग्रह 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतल्या निबंधांच्या, 2013 मध्ये आलेल्या 'टोफेल11' संग्रहात 11 मातृभाषांच्या परीक्षार्थींचे 12,100 निबंध आहेत. वाक्यरचना किती गुंतागुंतीची आहे हे मोजायला शियाओफेई लू यांनी 2010 मध्ये 14 निर्देशांक काढून देणारं साधन तयार केलं. वाक्याऐवजी 'मुख्य वाक्य आणि त्याला लटकलेलं सगळं' असं एकक धरायची कल्पना त्याहून जुनी, केलॉग हंट यांची, 1965 ची. पण ही सगळी अवजारं इंग्रजीच्या मापाने बेतलेली. ती मराठीला चढवायची म्हणजे दुसऱ्याचा सदरा घालण्यासारखं. बाह्या कुठे संपतील याचा भरवसा नाही. म्हणून मी सर्वांत साधी दोनच मापं घेतली, शब्दवैविध्य आणि वाक्यलांबी. साध्या मापांत चुकायला जागा कमी, असा माझा समज होता.

पहिल्या दिवशीच तो फिटला. पहिल्या परिच्छेदातले शब्द संगणकाने मोजले ते प्रत्यक्षाच्या दुपटीच्या आसपास. पायथन या संगणकभाषेत शब्द वेगळे करायला जी नेहमीची खूण वापरतात, तिला अक्षरं आणि अंक कळतात, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, हलन्त यांना ती अक्षर मानत नाही. तिथे शब्द संपला असं समजून ती पुढे जाते. 'मी काल पुस्तक वाचले' या चार शब्दांचे त्यामुळे 'म, क, ल, प, स, तक, व, चल' असे आठ तुकडे होतात. कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही. आकडे येतात, आलेख निघतो, आणि मजकूर डोळ्यांनी पाहिला नाही तर कोणालाही पत्ता लागत नाही. मोकळी जागा आणि विरामचिन्हं यांवरून शब्द तोडायला सांगितल्यावर हे थांबलं.

मग दुसरी गंमत. 'दुसऱ्या' हा शब्द यादीत दोनदा, वेगवेगळे शब्द म्हणून. पडद्यावर अगदी सारखा, पण आतली घडण निराळी. पायमोडक्या 'र'चं चिन्ह युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षरचिन्हाला संकेतांक देणाऱ्या व्यवस्थेत, दोन रीतींनी टंकता येतं: एकदा नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) 'ऱ'ला हलन्त लावून, एकदा साध्या 'र'ला हलन्त आणि त्यामागे अदृश्य जोडचिन्ह लावून. 'ॲ'चीही तीच कथा. 2008 पासून त्याला स्वतःचा संकेतांक आहे, तरी 'अ'वर चंद्र चढवून लिहिणारे कळफलक आहेतच. युनिकोडचं ठरलेलं प्रमाणीकरण चालवलं तरी या जोड्या एक होत नाहीत. त्या हाताने एक कराव्या लागतात. वहीतले काही परिच्छेद बाई संगणकावर टंकत होत्या, काही विद्यार्थिनीने फोनवर लिहून पाठवले होते. म्हणजे कळफलक बदलला की शब्दसाठा 'वाढत' होता! शिवाय फोन शब्द सुचवतो आणि चुका परस्पर दुरुस्त करतो. बाईंनी फोनवरचे परिच्छेद तिच्याकडून पुन्हा वहीत लिहून घेतले नाहीत, पण त्यामुळेच वहीतले आणि फोनवरचे वेगळे ठेवले. शुद्धलेखनाबद्दल जे बोलायचं ते फक्त वहीतल्यांवरून.

तिसरी अडचण जुनी आणि प्रसिद्ध आहे. वेगळे शब्द भागिले एकूण शब्द हे गुणोत्तर मजकूर लांबला की खाली येतंच, कारण 'आहे', 'आणि', 'मी' पुन्हा पुन्हा येतात. लांब लिहिणारी विद्यार्थिनी त्यात गरीब दिसते. त्यावर उपाय आहेत. एक म्हणजे ठरावीक शब्दांची खिडकी मजकुरावरून सरकवत न्यायची आणि प्रत्येक खिडकीतल्या गुणोत्तराची सरासरी काढायची. मॅकार्थी आणि जार्व्हिस यांनी 2010 मध्ये तपासलेलं माप वेगळ्या वाटेने जातं. गुणोत्तर 0.72 पर्यंत उतरलं की एक टप्पा संपला असं धरायचं आणि सरासरी टप्पा किती शब्दांचा भरतो ते पाहायचं. मी खिडकीची रीत घेतली. परिच्छेद लहान होते, त्यांच्यावर 0.72 चे टप्पे धड बसत नव्हते.

एवढं सगळं धुऊनपुसून झाल्यावरचे हे आलेख होते. म्हणजे पाचव्या परिच्छेदातली उडी घाणीमुळे आलेली नव्हती. ती मजकुरातच होती.

आम्ही आठही परिच्छेद छापून टेबलावर मांडले. बाईंनी विचारलं, "चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये मी काय शिकवलं होतं?" आणि स्वतःच वही उघडून सांगितलं: शब्दयोगी अव्ययं जोडून लिहायची. एक तास, एक पान उदाहरणं. बस.

आता ही तीन रूपं पाहा. पहिल्या दोन परिच्छेदांतली घडण अशी:

घर मध्ये कोणी नव्हते. बाग मध्ये पण कोणी नव्हते.

तिसऱ्या-चौथ्यातली अशी:

घरा मध्ये कोणी नव्हते. बागे मध्ये पण कोणी नव्हते.

पाचव्यापासून पुढे:

घरामध्ये कोणी नव्हते. बागेमध्ये पण कोणी नव्हते.

पहिल्यात 9 शब्द, त्यांतले वेगळे 6, गुणोत्तर 0.67, वाक्यलांबी 4.5. दुसऱ्यात 9 शब्द, वेगळे 6, गुणोत्तर 0.67, वाक्यलांबी 4.5. तिसऱ्यात 7 शब्द, वेगळे 5, गुणोत्तर 0.71, वाक्यलांबी 3.5.

मराठी शिकवणाऱ्याला विचारा, या तिन्हींत खरा पल्ला कुठे गाठला गेला? पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये. हिंदीत 'घर में' म्हणताना 'घर' जसंच्या तसं राहतं आणि 'में' वेगळं लिहितात. मराठीत प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्याआधी नामाला सामान्यरूप घ्यावं लागतं: घर-घरा, बाग-बागे, माणूस-माणसा. हे हिंदी बोलणाऱ्याला नव्याने उभारावं लागतं, आणि लिंग व शेवटचा स्वर पाहून दरवेळी वेगळं. विद्यार्थिनीने ते तिसऱ्या परिच्छेदात उभारलं होतं. एक काना, एक मात्रा, बाकी काही नाही. दोन्ही आलेख तिथे सपाट, कारण शब्द तेवढेच, वेगळे शब्दही तेवढेच.

दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये जे झालं तो लेखननियम. मोकळी जागा काढली. ते शिकायला एक तास पुरला, आणि दोन्ही आलेखांनी तिथेच उडी घेतली, एकाने वर, एकाने खाली. शब्दसाठा वाढला नव्हता, 'मध्ये' स्वतंत्र शब्द म्हणून पुन्हा पुन्हा मोजलं जाणं थांबलं होतं. वाक्यं सोपी झाली नव्हती, दोन शब्दांचा एक झाला होता. एकाच मोकळ्या जागेने एका मापात बढती दिली आणि दुसऱ्यात शिक्षा.

बाई हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे तिला जेव्हा समजलं तेव्हा तुझा संगणक झोपला होता. मी स्पेस काढायला सांगितली तेव्हा जागा झाला."

ताडून पाहायला मी शब्दयोगी अव्ययं आणि विभक्तिप्रत्यय सुटे करून पुन्हा मोजायचं ठरवलं, म्हणजे तिन्ही रूपांतलं लेखन एका पातळीवर येईल. मध्ये, समोर, खाली, साठी, पासून, पर्यंत ही लांब अव्ययं यंत्राने बऱ्यापैकी तोडली. एकाक्षरी प्रत्ययांवर मात्र तो घोडा बिथरला. शेवटचा 'त' तोडा म्हटल्यावर 'घरात'बरोबर 'हात' आणि 'सात'ही तुटले. 'ला' तोडताना 'कला' गेली, 'ने' तोडताना 'सोने' गेलं. शेवटी आठ परिच्छेदांतले तेवढे शब्द मी आणि बाईंनी हाताने सुटे केले. एक संध्याकाळ गेली. हजारो निबंध असते तर हे जमलं नसतं, हे खरं. पण एका माणसाचं लेखन तपासताना संगणकावरच अडून बसायचं कारण नसतं. हाताने तोडलेल्या शब्दांवर मोजलं तेव्हा पाचव्या परिच्छेदातली उडी दोन्ही आलेखांतून विरघळली. शब्दवैविध्य आठही परिच्छेदांत जवळपास एकाच पातळीवर राहिलं. बाईंनी पहिल्या दिवशी तेच सांगितलं होतं.

मग बाईंचं दुसरं म्हणणं, वाक्यं आधीपेक्षा नीट झाल्याचं. ते कुठे दिसत होतं?

मी उपवाक्यं मोजली, आणि ती चक्क कमी होत गेलेली निघाली. सुरुवातीला विद्यार्थिनी 'जो मुलगा काल आला होता तो माझा भाऊ आहे' अशा घडणीची वाक्यं पुष्कळ लिहायची. शेवटच्या परिच्छेदांत 'काल आलेला मुलगा माझा भाऊ आहे' अशी घडण वाढली होती. पहिल्या वाक्यात क्रियापदं दोन, उपवाक्य एक. दुसऱ्यात क्रियापद एकच, उपवाक्य नाही. उपवाक्यांवर बेतलेलं कुठलंही माप पहिल्याला प्रगत ठरवील. पण मराठी वाचणाऱ्याच्या कानाला दुसरं वाक्य मुरलेलं लागतं. जो-तो मराठीत चूक नाही, ठासून सांगायचं असेल तर तेच हवं. मात्र प्रत्येक वेळी तेच आलं की हिंदीतली 'जो-वह'ची चाल ऐकू येते. -लेला, -णारा, -ताना, -ऊन ही धातुसाधितं हाताशी आली की वाक्य आवळून येतं. इंग्रजीतही ही तक्रार झालेली आहे. डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवलं की उपवाक्यांची भरमार हे बोलण्याचं लक्षण आहे. अभ्यासपूर्ण लेखनातली गुंतागुंत नामपदांच्या (नाम आणि त्याला जोडलेले शब्द यांच्या) आत साठते. म्हणजे शिकणाऱ्याच्या लेखनाला बोलण्याची पट्टी लावून आपण त्याला लेखनाचे गुण देत होतो. मराठीतली वाट निराळी आहे, तरी फसगत त्याच जातीची.

म्हणून आम्ही उपवाक्यं सोडून ही चार धातुसाधितंच मोजली. यंत्राला शेपट्या शोधायला सांगितल्या, आणि 'ऊन', 'जून' असलं धातुसाधित नसलेलं काहीबाही आलं तर आम्ही काढून टाकलं. तो आलेख पहिल्या परिच्छेदापासून आठव्यापर्यंत हळूहळू चढत होता. उडी नाही, डोंगर नाही, चढण. बाई म्हणाल्या, हे मला ओळखीचं वाटतं.

वाक्यांचं पूर्ण व्याकरणिक विश्लेषण करून देणारी साधनं का वापरली नाहीत, असं कोणी विचारील. वापरून पाहिली. पण ती ज्या विश्लेषित वाक्यांवर शिकतात तो साठा पाहायला हवा. 'युनिव्हर्सल डिपेन्डन्सीज' या खुल्या प्रकल्पातल्या मराठीच्या साठ्यात पाचशेहून कमी वाक्यं आहेत, हिंदीच्या मुख्य साठ्यात 16,000 हून अधिक. एवढ्याशा शिदोरीवर शिकलेला विश्लेषक शुद्ध मराठीतच अडखळतो. 'बाग मध्ये' समोर आलं की तो 'मला कळलं नाही' असं म्हणत नाही, काहीतरी ठोकून देतो. शिकणाऱ्याच्या लेखनात नेमक्या चुकीच्या जागीच माहिती असते आणि यंत्र नेमकं तिथेच बुजवाबुजव करतं.

लिंगाच्या चुका तपासायला विश्लेषकाची गरजही पडली नाही. हिंदीत लिंगं दोन, मराठीत तीन, म्हणून नपुंसकलिंगात सगळी पडझड होणार असं मी धरून चाललो होतो. तसं झालं नव्हतं. 'मूल', 'झाड' असे अनोळखी शब्द तिने लिंगासकट पाठ केले होते आणि ते बरेचसे बरोबर येत होते. चुका साठल्या होत्या त्या दोन्ही भाषांत सारख्याच लिहिल्या जाणाऱ्या शब्दांपाशी: 'आवाज आली', 'माझी पुस्तक', 'त्याची देह'. हिंदीत हे तिन्ही स्त्रीलिंगी. मराठीत आवाज आणि देह पुल्लिंगी, पुस्तक नपुंसकलिंगी. ओळखीच्या शब्दाचं लिंग कोण विचारतं? अशा शब्दांची एक यादी केली, त्यांच्या शेजारचं विशेषण किंवा क्रियापद शोधलं, झालं काम. बाईंनी ती यादी पुढच्या वर्गासाठी उचलली. खरं सांगायचं तर या सगळ्या खटाटोपातून वर्गाच्या थेट उपयोगी पडलेली वस्तू तेवढीच.

प्रगतीचा अहवाल द्यायचा होताच. दोन्ही जुने आलेख आम्ही काढून टाकले. धातुसाधितांचा ठेवला, आणि सामान्यरूपासाठी आलेखाऐवजी तक्ता केला: शब्द उभे, परिच्छेद आडवे, आणि प्रत्येक घरात तिने प्रत्यक्ष लिहिलेलं रूप. त्यावरून आमचा एक वाद झाला. बाईंना प्रत्येक घरात बरोबर-चूक अशी खूण हवी होती. माझा आक्षेप होता की मग 'घर मध्ये' आणि 'घरा मध्ये' दोन्ही नुसते चूक ठरतात आणि आपण पुन्हा पहिल्याच जागी येतो. शिकणाऱ्याच्या चुकांना स्वतःची व्यवस्था असते असं पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये मांडलं. लॅरी सेलिंकर यांनी 1972 मध्ये शिकणाऱ्याच्या त्या मधल्या, ना मातृभाषा ना शिकायची भाषा अशा, भाषेला 'इंटरलँग्वेज' हे नाव दिलं. आणि 1983 मध्ये रॉबर्ट ब्ले-व्रोमन यांनी बजावलं की ती सतत लक्ष्यभाषेच्या, म्हणजे शिकायच्या भाषेच्या, फूटपट्टीने मोजली तर तिची स्वतःची व्यवस्था दिसतच नाही. हे मी सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "ते खरं, पण परीक्षेत तिला 'घरा मध्ये'चा अर्धा गुण कोण देणार आहे?" शेवटी खुणा तीन केल्या: सामान्यरूप नाही, सामान्यरूप आहे पण सुटं, जोडलेलं. तशी 'घरा मध्ये'सारखी सुटी रूपं मराठी मातृभाषा असलेल्यांच्याही लेखनात, विशेषतः फोनवरच्या, सर्रास दिसतात. सुचवलेला शब्द निवडला की पुष्कळ कळफलक पुढे आपणच मोकळी जागा सोडतात. मधल्या खुणेला 'चूक' म्हणायचं नाही, एवढं तरी बाईंनी मान्य केलं.

तक्ता भरताना एक ओळ आडवी गेली. 'पाऊस'. पहिल्याच परिच्छेदात तिने 'पावसात' लिहिलं होतं. शुद्ध, जोडून, मधला 'ऊ' जाऊन 'व' आलेला. बाकी सगळीकडे 'घर मध्ये' चाललेलं असताना हे एक रूप पूर्ण बरोबर. चौथ्या परिच्छेदात मात्र 'पाऊसा मध्ये'. सातव्यात पुन्हा 'पावसात'. बरोबर, चूक, बरोबर. बाईंनी चौथ्याखाली रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'घसरण'. मला तसं वाटत नव्हतं, पण माझ्यापाशी पुरावा नव्हता.

तक्ता विद्यार्थिनीला दाखवला तेव्हा तिने त्याच ओळीवर बोट ठेवलं. "मॅडम, 'पावसात' मला पाठ होतं. एका धड्यात होतं. तो पूर्ण एक शब्द आहे असंच वाटायचं, त्याच्यात पाऊस आहे हे माहीतच नव्हतं. हे," तिने 'पाऊसा मध्ये'वर बोट सरकवलं, "हे मी स्वतः बनवलं."

बाईंनी 'घसरण' खोडलं. मग पेन्सिल तशीच मागे नेऊन पहिल्या परिच्छेदातल्या 'पावसात'वरची खूणही खोडली. 'पाऊसा मध्ये'ला कुठली खूण द्यायची यावर मात्र आमचं अजून जमलेलं नाही. ते घर तक्त्यात कोरं आहे.